झुकोत्तो, नमुना क्रमांक ४१७

दिलगीररावांचं खरं नाव काय, हे विचारायची वेळ आता निघून गेली आहे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात चौदा वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, लोकांची माफी मागायचं. नळाला गढूळ पाणी आलं, की पत्र. दोन दिवस पाणीच आलं नाही, की पत्र. रस्ता खणला तर पत्र, आणि बुजवला तरी पत्र, कारण खात्यानं बुजवलेला रस्ता न बुजवलेल्यापेक्षा वाईट असे. 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल हे कार्यालय दिलगीर आहे' हे वाक्य त्यांच्याच लेखणीतून उतरलेलं. आधी तिथं 'खेद वाटतो' असं असायचं. वाटण्यात शंकेला जागा राहते, असं म्हणून त्यांनी ते बदलून घेतलं. त्या एका बदलासाठी तीन बैठका झाल्या होत्या. तेव्हापासून ते ऑफिसात दिलगीरराव झाले, आणि नाव चालत चालत घरापर्यंत, मग अख्ख्या इमारतीत पोचलं.

त्यांच्या पत्राच्या तळाशी कापून पाठवायची एक पोच असे. 'तक्रारीचे निवारण झाले / झाले नाही. नको ते खोडावे. शेरा.' ही कल्पनाही त्यांचीच. चौदा वर्षांत एकही पोच परत आली नव्हती. याचं त्यांना मनातून फार वाईट वाटे, पण त्यासाठी दिलगिरी कुणी व्यक्त करायची, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

तर असा हा माणूस लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी घरात एकदाही 'चुकलं माझं' म्हणाला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चुकत नसत असं नाही हं! भरपूर चुकत. पण चुकले की गप्प बसत, आणि संध्याकाळी येताना फळं आणत. पिशवीच्या वजनावरून बायको चुकीचं वजन ओळखायची. तसं ठीक चाललं होतं.

या वेळी मात्र फळांनी भागेना. झालं होतं असं, की अडीच महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याच्या निवृत्तीनिमित्त बारा माणसं घरी आली होती. बायकोनं केक केला होता. तिचा केक म्हणजे आसपासच्या चार इमारतींत नाव. रविवारी जिन्यात वास सुटला की लोक पायऱ्यांवर रेंगाळत. त्या दिवशी नेमका केक मधोमध बसला. बसला तर बसला! पण दिलगीररावांना बारा माणसांसमोर विनोद सुचला. विनोद त्यांना वर्षातून एकदाच सुचतो, म्हणून ते तो वाया घालवत नाहीत. "हा बघा," ते म्हणाले, "आमच्या खात्यानं बुजवलेला रस्ता!" बारा माणसं पोट धरधरून हसली. बायकोही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ओव्हन घासूनपुसून लख्ख केला, त्यावर चादर घातली, चादरीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला, आणि तेव्हापासून चहाबरोबर डब्यातली बिस्किटं.

भांडण नाही, रुसवा नाही, अबोला तर नाहीच. "केक नाही का आज?" असं विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "मला कुठं येतो?" हे 'मला कुठं येतो' दिलगीररावांच्या छातीत कुसळासारखं रुतून बसलं होतं. वर आणखी एक झालं. कोपऱ्यावरच्या शाळेकडून तिला पत्र आलं, सुट्टीत मुलांना केक शिकवाल का म्हणून. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पत्र आठ दिवस फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होतं, आणि बहिणीकडे तीन दिवस जाताना ती म्हणाली, "आल्यावर त्यांना नाही कळवून टाकते. ज्याला येतं त्यानं शिकवावं."

ती गेल्यावर दिलगीरराव बराच वेळ त्या पत्राकडे बघत उभे राहिले. माफी मागावी, हे त्यांना कळत होतं. तसे ते मूर्ख नव्हते. नमुना पत्र तोंडपाठ होतं. पण तिच्यासमोर उभं राहिलं की तोंडातून बाहेर यायचं ते भलतंच, म्हणजे 'गॅस बंद केलास का?' वगैरे. तेव्हा बोलण्यापेक्षा करून दाखवावं, असं त्यांनी ठरवलं. बायकोच्या केकच्या वहीत शेवटच्या पानावर मासिकातून कापलेलं एक चित्र डकवलेलं होतं. घुमटासारखा गोल, आत क्रीम भरलेला, इटलीतला कुठलासा केक. वर तिच्या गोल अक्षरात 'झुकोत्तो. एकदा करायचा.' आणि खाली कृती, तीही मोजून पाच ओळींत : 'टोप घ्यावा. आतून स्पंज केकचे काप लावून पाकानं भिजवावेत. फेटलेलं क्रीम, बदाम, चॉकलेट भरावं. रात्रभर गार. टोप उलटा करावा.' ओव्हनचा उल्लेख नाही! स्पंज बेकरीत तयार मिळतो. ओव्हन नाही म्हणजे बसायची भीती नाही. दिलगीररावांना हे दैवी मार्गदर्शन वाटलं.

अडलं ते पहिल्याच शब्दाशी. टोप? त्यांच्या घरात पातेल्याला पातेलं म्हणत आणि टोप ही डोक्यावर घालायची वस्तू होती. इटलीचे लोक केक टोपात लावत असतील तर लावोत बापडे. कृती म्हणजे परिपत्रक, त्यातला शब्द बदलायचा अधिकार आपल्याला नाही. आणि टोप म्हटल्यावर इमारतीत एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. तळमजल्यावर नाटकांचे एक जुने रंगभूषाकार राहत. जन्मभर नटांची तोंडं रंगवलेली, त्यामुळे सगळे त्यांना मेकअपकाका म्हणत.

"काका, तुमच्याकडे टोप आहे का हो?"

"आहे की! कसला देऊ? टकलाचा, अंबाड्याचा, की खाष्ट सासूचा?" असं म्हणत काकांनी केसांचे तीन टोप आणून टेबलावर मांडलेसुद्धा. "कुणाला घालायचाय?"

"घालायचा नाही. यात क्रीम भरायचंय. आणि बदाम."

काका हळूच खुर्चीत बसले. "दिलगीरराव," ते आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी कधी येणार आहेत?"

सगळं सांगावं लागलं. रस्त्याचा विनोद वगळून सांगायचा दिलगीररावांचा विचार होता, पण काका म्हणाले, "तो रस्त्याचा विनोद ना? ऐकलाय मी. अख्ख्या जिन्यानं ऐकलाय." मग चित्र पाहून ते म्हणाले, "नाव काय म्हणालात?"

"झुकोत्तो."

"कोण झुकतो?"

"कुणी झुकत नाही. नाव आहे ते."

"तरीच म्हटलं, तुमच्या घरात कोण झुकायला लागलं," काका म्हणाले, आणि स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचं शिरस्त्राण काढलं. "हा घ्या, सेनापतीचा टोप. एकशे बारा प्रयोग झालेत. प्रत्येक प्रयोगात सेनापती मेला, पण टोपाला पोचा नाही!"

टोप खरंच घुमटाकार होता. दोनच बारीक दोष होते. वर तुरा खोचायचं एक भोक होतं, आणि मागे मानेवर येणारी पत्र्याची चोच होती. भोकाला बाटलीचं बूच बसवलं. चोचीचं काही करता येईना. "पाठीमागची बाजू आहे, प्रेक्षकांना दिसत नाही," काकांनी निकाल दिला.

गुरुवारी दिलगीररावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. टोप तीनदा उकळत्या पाण्यानं धुतला, आतून प्लास्टिकचा कागद लावला. आता पुढचं काम म्हणजे क्रीम फेटणं, ज्यात काय कठीण आहे, असं त्यांना कायम वाटत आलं होतं. पहिलं क्रीम त्यांनी इतक्या निष्ठेनं फेटलं की त्याचं लोणी झालं. दुसरं फेटताना यंत्र क्रीमच्या वर उचललं गेलं आणि भिंतीवरच्या घड्याळाला साडेदहापासून पावणेबारापर्यंत क्रीम लागलं. तिसरं कसंबसं जमलं. तोपर्यंत काका नवा कोरा ब्रश घेऊन टोपात स्पंजचे काप लावत होते. "जोड दिसता कामा नये," ते म्हणत होते, "आणि आधी बेस!" मग पाकाचे असे हलके हलके हात फिरवले, की तो स्पंज आता तिसऱ्या अंकात प्रवेश करणार असं वाटावं. दोन वाजता टोप काठोकाठ भरला. दिलगीरराव त्याच्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं ही बाई हे एकटी करत होती, आणि आपण बाहेरच्या खोलीत बसून 'झालं का?' विचारत होतो! त्यांना जरा लाज वाटली. त्यांनी मुकाट्यानं घड्याळ पुसलं.

आता रात्रभर गार करायचं. घरच्या फ्रिजमध्ये चोच अडकली. कप्पा काढला तर दार लागेना. काकांचा फ्रिज पाहिला तर त्यात दाढ्या चिकटवायचा गोंद आणि दोन दाढ्या. उरला एकच मोठा फ्रिज, कार्यालयाच्या प्रयोगशाळेतला, पाण्याचे नमुने ठेवायचा. कार्यालय दोन गल्ल्यांवर. दिलगीरराव टॉवेलनं झाकलेला टोप दोन्ही हातांत धरून निघाले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "साहेब, हेल्मेट डोक्यावर घालायचं असतं."

प्रयोगशाळेच्या बाई नियमाच्या पक्क्या होत्या. "फ्रिजमध्ये नोंदीशिवाय काही ठेवता येत नाही. गेल्या वर्षी मुख्य अभियंत्यांचा जेवणाचा डबा मी स्वतः नष्ट केलाय."

"मग नोंद करा ना, बाई."

"कशाची करू? माझ्याकडे एकच फॉर्म आहे, पाण्याच्या नमुन्याचा."

दिलगीररावांना फॉर्मची भीती कधीच वाटली नाही. त्यांनी पेन काढलं. नमुना क्रमांक ४१७. नमुन्याचे ठिकाण : स्वयंपाकघर. ग्राहकाचे नाव? नळजोडणी बायकोच्या नावावर होती. रीतसर तिचं नाव, ग्राहक क्रमांक, पत्ता. नमुना आणणाऱ्याचे नाव : स्वतःचं. "म्हणजे नमुन्यानंच नमुना आणला," बाई म्हणाल्या. त्या कधी विनोद करत नसत, त्यामुळे हा विनोद होता की नाही, हे दिलगीररावांना ठरवता आलं नाही. टोप फ्रिजमध्ये गेला. चोचीमुळे तो थोडा तिरका बसला. उद्याचा शुक्रवार काढला की शनिवारी सकाळी नऊला न्यायचा आणि अकराला बायको येणार, असा सगळा हिशेब बसला होता.

शुक्रवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे सत्तावीस पत्रांचा गठ्ठा सहीला आला. दूषित नमुना आढळल्यापासून चोवीस तासांत ग्राहकाच्या हाती पत्र पडलंच पाहिजे, हा नियम दिलगीररावांनीच आणलेला, आणि त्यांना त्याचा फार अभिमान. सत्तावीसही पत्रांवर त्यांनी झपाझप सह्या केल्या. वाचायचं काय? मजकूर त्यांचाच होता. डोक्यात घुमट फिरत होता.

शनिवारी टोप ताब्यात घेतला, तर क्रीमच्या मधोमध चमचाभर खड्डा!

"बाई, हे काय?"

"नोंद झाली की तपासणी होते. नियम आहे. पंचवीस ग्रॅम घेतलं." बाईंनी अहवाल पुढे केला. रंग : पांढरा, मधूनमधून तपकिरी. वास : आक्षेपार्ह नाही. गढूळपणा : मोजता येत नाही. तरंगते पदार्थ : बदाम. निष्कर्ष : पिण्यास अयोग्य. "खाण्यास कसा आहे, हा रकाना आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या, आणि मग इकडेतिकडे बघून हळूच, "चांगलाय."

दहाला काका हजर झाले. टोप ताटात उलटा केला. केक काही केल्या सुटेना. ठोकलं, हलवलं, विनवलं. "थांबा!" काका म्हणाले. "डोक्याला चिकटलेला टोप ओढायचा नसतो, नटाची कातडी निघते. कडेनं हवा शिरू द्यायची." त्यांनी गरम टॉवेल गुंडाळला, वरचं बूच काढलं आणि भोकातून फुंकर घातली. आतून 'पच्च' असा आवाज आला, टोप वर निघाला आणि दिलगीररावांच्या सव्वीस वर्षांतला पहिला केक बाहेर पडला.

घुमट होता. गोल होता. आणि सरळ नव्हता. दोन रात्री तिरका बसून तो तसाच गोठला होता. प्रयोगशाळेचा खड्डा खाली गेल्यामुळे त्या बाजूला आणखी खचला होता. भोकाच्या जागी वर एक छोटं टेंगूळ आलं होतं. एकूण तो दाराच्या दिशेनं मान खाली घालून उभा असल्यासारखा दिसत होता.

"झुकतो तो," काका हळूच म्हणाले.

तेवढ्यात दाराशी आवाज आला. बायको आली होती, हातात बॅग, आणि तिच्यामागे ऑफिसचा शिपाई. "वहिनी, पत्र आहे तुमचं. इथं सही करा." तिनं सही केली, शिपाई गेला. ती आत आली. टेबलावरचा केक, ओट्यावरचं शिरस्त्राण, टॉवेल धरून उभे असलेले काका, हे सगळं तिनं पाहिलं आणि पाकीट फोडलं. दिलगीररावांनी पाकिटावरचा शिक्का ओळखला.

"'विषय : नमुना क्रमांक ४१७, पिण्यास अयोग्य आढळल्याबाबत,'" ती मोठ्यानं वाचू लागली. "'महोदया, आपल्या स्वयंपाकघरातील नमुन्यात गढूळपणा मर्यादेबाहेर असून बदाम तरंगताना आढळले. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल हे कार्यालय दिलगीर आहे.'" तिनं पत्र उजेडात धरलं. "ही सही तुमचीच ना?"

"हो, म्हणजे... आहे माझीच."

"मी निघतो," काका म्हणाले. "टोप नंतर द्या." दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं, पण पावलं काही जिन्यावर वाजली नाहीत.

बायको खुर्चीवर बसली. "कार्यालय दिलगीर आहे. कार्यालयानं काय केलंय माझं?"

दिलगीरराव ताठ उभे राहिले. "त्याचं असं आहे, की सदर प्रकरणी..."

"सदर नको."

"नाही, मी म्हणत होतो, की जी काही गैरसोय..."

"माझी गैरसोय नाही झाली हो. मला लागलं." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "बारा माणसं हसली त्याचं काही नाही. तुम्ही हसलात. माझ्याकडे बघून हसलात. तेव्हापासून पीठ हातात घेतलं की वाटतं, बसणार. बसणारच."

दिलगीररावांनी केककडे पाहिलं. तो बिचारा मघापासून मान खाली घालून उभा होता. आपल्या हातचा केक झुकू शकतो, मग आपल्यालाच काय झालंय? त्यांनी खाकरून घसा साफ केला. गॅसबद्दल विचारायची फार इच्छा झाली, ती त्यांनी गिळली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी तसं बोलायला नको होतं. तुला येतं. तुलाच येतं. मला तीन दिवस लागले, दोन माणसं लागली, सरकारी फ्रिज लागला, आणि झाला तो हा असा. चुकलं गं."

दाराबाहेर कुणीतरी नाक ओढलं.

बायकोनं डोळे पुसले, सुरी घेतली आणि एक तुकडा कापला. खाल्ला. "चव बरी आहे," ती म्हणाली. "पाक जास्त झालाय. पण हे टेंगूळ कसलं? आणि ते लोखंडी काय आहे तिथं?"

"सेनापतीचा टोप. तूच लिहिलंयस ना, टोप घ्यावा म्हणून!"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, टोप म्हणजे पातेलं! आमच्या माहेरी पातेल्याला टोप म्हणतात. तो काय, खालच्या फळीवर गोल बुडाचा पडलाय!"

"मला कसं कळणार?"

"विचारलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. सेनापती, बदाम, गढूळपणा, एकेक आठवून ती हसत होती, आणि दिलगीररावही हसत होते. बाहेरून काकाही हसायला लागले, तेव्हा त्यांना आत घेऊन एक तुकडा द्यावाच लागला.

सोमवारी दिलगीरराव ऑफिसला निघाले, तेव्हा फ्रिजच्या दारावर शाळेचं पत्र नव्हतं, त्याला होकार कळवून झाला होता, आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीच्या पिशवीत गेला होता. बायकोनं त्यांच्या खिशात एक कागदाचा कपटा कोंबला. "ऑफिसात गेल्यावर बघा."

त्यांनी जागेवर बसून तो उघडला. कडेनं नीट कापलेली पोच होती. चौदा वर्षांतली पहिली. त्यांनी स्वतः उठून ती आवक नोंदवहीत नोंदवली, शिक्का मारला, आणि मग पुन्हा वाचली. 'झाले नाही' हे शब्द पट्टी लावून खोडले होते. पुढे शेऱ्याच्या रकान्यात तेच गोल अक्षर : 'दिलगिरी तोंडी मिळाली. आज लवकर या, ओव्हन लावते आहे.'